न थांबणाऱ्या बाईंची कॅसेट

मु. बोरखडी, ता. शेवगाव
१५ डिसेंबर १९९६

तीर्थरूप चांगुणाआत्यास,

तुझ्या शुभांगीचा जय भीम. गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली फळीवर ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? हंगाम सुरू झाला म्हणजे साखर कारखान्यातल्या प्रवीणदादाच्या पाळ्या बदलल्या असतील आणि त्याच्या जेवणाची वेळ मोडली असेल. मी इथे बरी आहे. थंडी कोरडी आहे, ओठ फुटतात, बाकी तक्रार नाही. जेवण वेळेवर करते (नेहमी नाही, पण हे वाचू नका).

(दीपावहिनी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून आधी तुमच्याशी थोडं बोलते. कंसातला मजकूर तुमच्यासाठी आहे, तो मोठ्याने वाचायचा नाही. आणि जिथे कंसात 'थांबा' असं लिहिलं आहे तिथे खरंच थांबायचं, आत्याला काय बोलायचं ते बोलू द्यायचं, मग पुढे जायचं. मागचं पत्र तुम्ही एका दमात वाचलंत आणि आत्याने मध्ये विचारलेलं सगळं तसंच राहून गेलं, असं दादाने कळवलं होतं. त्यात चूक तुमची नव्हती. पत्रात थांबायला जागा मीच ठेवली नव्हती. ही गोष्ट मला अलीकडेच कळली आणि ती कशी कळली तेच आज लिहिते आहे.)

आत्या, तुझा निरोप पोचला. वहिनींनी पोस्टकार्डावर तुझेच शब्द उतरवले आहेत: "देवळालीपर्यंत आली अन् उंबऱ्याला पाय लावला न्हाई. लई मोठी बाई झाली." शिवाय असंही कळलं की दादा वजनकाट्यावर उभा असताना त्याला एका ट्रॅक्टरमधून माझा आवाज ऐकू आला, आणि तेव्हापासून तू शेजारी सांगते आहेस की शुभांगीची नोकरी गेली, आता ती भोंग्यावरून जाहिराती करते. दोन्ही गोष्टींचा खुलासा करणं माझं काम आहे. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी अर्धी खरी आहे. आवाज माझाच होता, नोकरी शाबूत आहे. (थांबा. इथे बराच वेळ लागेल.)

आता मुळापासून सांगते. आमची शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी आबासाहेब गुरुजींकडे, तेच मुख्याध्यापक, आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. पावसाळ्यात वरून शाळेला एक यंत्र आलं, रेडिओ आणि टेप एकात, सोबत कवितांच्या नि गोष्टींच्या कॅसेटी. गुरुजी मनाने फार चांगले आहेत, पण सरकारी वस्तू वापरली की झिजते आणि झिजली की जाब द्यावा लागतो, असं त्यांचं ठाम मत आहे. आमच्याकडे पृथ्वीचा गोलसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाखवतात. पृथ्वी धुरकट असते आणि तिला वर गाठ असते, असं निम्म्या वर्गाला वाटतं. त्यामुळे यंत्र आलं तसं कपाटात गेलं. खंडेनवमीला बाहेर निघालं, घंटा आणि फूटपट्टीशेजारी बसलं, हळदकुंकू लावून घेतलं आणि परत आत गेलं. (हळद अजून त्याच्या बटणात आहे. आवाज वाढवला की बोट पिवळं होतं.)

मग तालुक्याला प्रशिक्षण निघालं, वर्गात यंत्र कसं वापरावं ह्याचं. गुरुजी म्हणाले, "तुमी जा बाई, तुमचं वय हाय शिकायचं." मी गेले. तिथे वीज नव्हती. साहेबांनी फळ्यावर यंत्राचं मोठं चित्र काढलं आणि आम्हाला एकेकाला पुढे बोलावून चित्रातलं बटण दाबायला लावलं. मी दाबलं. "थोडं जोरात," साहेब म्हणाले. मी जोरात दाबलं आणि खडूचं बटण पुसलं गेलं. त्यांनी ते पुन्हा काढलं. मला इतकं अपराधी वाटलं की पुढचं सगळं मी शब्दन् शब्द उतरवून घेतलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: यंत्र चालू असताना शिक्षकाने मध्ये बोलू नये. ते मी दोनदा अधोरेखित केलं. आत्या, तुझी भाची लिहिलेलं पाळणारी आहे, हे तुला माहीत आहे. पुढचा सगळा घोळ त्याच वाक्याने झाला.

परत आल्यावर गुरुजींची मनधरणी करून मी यंत्र वर्गात आणलं. मुलं हाताची घडी घालून बसली होती. बटण दाबलं. आतून एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "नमस्कार, बालमित्रांनो." झालं. सगळा वर्ग ताडकन उभा राहिला आणि एका सुरात "नमस्तेऽ बाईऽ" म्हणाला. वर्गात बाई आल्या की उभं राहायचं आणि त्या 'बसा' म्हणेपर्यंत बसायचं नाही, ही शिस्त मीच लावलेली. पण त्या बाईंना काय माहीत? त्या कविता म्हणू लागल्या. एक झाली, दुसरी झाली. मुलं उभीच. माझा जीव वरखाली होत होता, पण यंत्र चालू असताना शिक्षकाने मध्ये बोलू नये. मी डोळ्यांनी बसा म्हणून सांगितलं, हाताने खुणा केल्या, तर मुलांना ते कवितेचे हावभाव वाटले आणि तीही हात खालीवर करू लागली. कॅसेटची अख्खी बाजू संपेपर्यंत वर्ग उभा राहून खालीवर हात करत होता. गुरुजी दारात येऊन बघून गेले. मग पारावर त्यांनी सांगितलं, "बाईंच्या तासाला पोरं बसत्यात, पन मशिनीच्या तासाला एक पोरगं बसंल तर शपथ." (थांबा. आत्या हसेल. तिला खोकला येऊ देऊ नका.)

इथवर गंमत होती. आता जे सांगते ते मला झोप लागू देत नाही.

माझ्या वर्गात सविता म्हणून मुलगी आहे. तिसरीत. मागच्या वर्षीही तिसरीतच होती. दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊसतोडीला जातात, तीही जाते, तान्ह्या भावाला सांभाळायला, आणि परत येते तेव्हा परीक्षा डोक्यावर असते नि डोक्यात काही उरलेलं नसतं. हुशार आहे. अडखळते, पण विचार करून अडखळते. विचारलं की वेणीचं टोक तोंडात घेते, छताकडे बघते आणि मग बरोबर सांगते. जायच्या आधी तिची आई लंकाबाई शाळेत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "बाई, औंदा पास झाली तर ठीक. न्हाई झाली तर नाव काढून टाका. फुडच्या साली तिच्या हातात कोयता देऊ. मोळ्या तरी बांधंल." त्या रागाने बोलल्या नाहीत. बाजारात काय आणायचं ते सांगावं तसं बोलल्या, म्हणूनच मला भीती वाटली.

तेव्हा मला सुचलं की बाई जाऊ शकत नाहीत, पण आवाज जाऊ शकतो. मी कोरी कॅसेट आणली (स्वतःची, सरकारी नाही) आणि शाळा सुटल्यावर तिच्यात तिसरीचा अभ्यास भरायला बसले. कॅसेट लहान, अभ्यास मोठा. एक वीतभर फीतही वाया जाऊ नये म्हणून मी धाप लागेपर्यंत बोलले. पाढे तेरापर्यंत, बेरीज, वजाबाकी, जिल्ह्यातल्या नद्या, धडे. वर्गात विचारते तसं मध्ये मध्ये विचारलंही: सात साते किती? एकोणपन्नास, शाब्बास. आठ साते किती? छप्पन्न, शाब्बास. शेवटी तर शाब्बाससुद्धा अर्धंच मावलं.

ती वाजवायची कशावर, तर टोळीचे मुकादम आसाराम यांच्या ट्रॅक्टरला टेप आहे. मी त्यांना विनंती केली. त्यांनी कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली.

"गानी हायेत का?"

"पाढे आहेत."

"पाढे तर पाढे. गाडी खाली व्हायला रांगंत बारीला लागलो की झोप लागती मला. कायतरी बोलत राहिलं म्हंजे झालं."

टोळी गेली. कुठे गेली, तर आत्या, आपल्याच देवळालीला, तुझ्या घरापलीकडच्या पाटाच्या चारीवर त्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या. मला वाटलं, माझी मुलगी माझ्या माहेरी गेली. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी राहवेना म्हणून नगरला गाडी बदलून तिथे आले. आधी कोप्यांवर जाऊन मग तुझ्याकडे जेवायला यायचं, असं खरोखर ठरवलं होतं. तुझ्यासाठी इथल्या बाजरीचं पीठ पिशवीत होतं.

कारखान्याच्या वळणावर उतरले तर समोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि त्या रांगेतून माझाच आवाज. आत्या, आपला आवाज बाहेरून ऐकला आहेस का कधी? मला तर तो कुणाचा तरी गळा दाबल्यासारखा वाटला. आसाराम मुकादम स्टिअरिंगवर ताल धरून माझ्याबरोबर तेराचा पाढा म्हणत होते. मागच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर पाठ झालेल्या नद्या म्हणत होता आणि प्रवरेपाशी आला की हात वर करून ओरडत होता, "ही आपली." मला बघून मुकादम खाली उतरले, नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तेरा नव्वे इचारा. कुनालाबी इचारा रांगंत." मी विचारलं नाही. मी विचारलं, सविता कुठे आहे. ते म्हणाले, "ती तिकडं कोपीवर. टेप हिकडं गाडीला."

(थांबा. हे कळायला मलाही वेळ लागला.)

म्हणजे मी दिलेला अभ्यास ज्याच्या गाडीला टेप त्याचा झाला. सगळी रांग तिसरी पास, आणि जिच्यासाठी सगळं केलं ती कोपीत पोराला झोका देत बसलेली.

मी कोपीवर गेले. सविता पळत आली, पोर कडेवर. नमस्ते म्हणून उभी राहिली. कोपीसमोर, उन्हात, पोरासकट उभी. मी 'बस' म्हटल्यावर बसली. कॅसेट तिने अजिबात ऐकली नव्हती असं नाही. गाडी तळावर आली की मुकादम तिला ऐकवत. मी विचारलं, "मग? कळलं का?" तिने वेणीचं टोक तोंडात घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमी त्यात थांबत न्हाई."

मला वाटलं, वेग जास्त झाला असेल. म्हटलं, हळू बोलायला हवं होतं का?

"हळू न्हाई. थांबत न्हाई. तुमी इचारता सात साते, मी म्हनायला तोंड उघडलं का तुमीच सांगता. अन् मी काय बोलले नसले तरी शाब्बास म्हनता."

"तेही ऐकलंस?"

"पोरगं बी शाब्बास, मी बी शाब्बास. बोकड वरडला तरी शाब्बास." आणि मग खाली बघून, "वर्गात तुमी आसं न्हाई करत."

आत्या, मी तिथेच बसले. तिच्या बाजूच्या मोळीवर. आणि मला तुझ्या भाकरी आठवल्या. मी तिसरीत असताना तू चुलीपुढे भाकरी थापायचीस आणि मी तुझ्यामागे बसून पाढे म्हणायचे. मी अडखळले की तुझा हात थांबायचा. बोलायची नाहीस, वळायची नाहीस, नुसती थांबायचीस, परातीत भाकरी तशीच. मी पुढचं म्हटलं की थापा पुन्हा सुरू. तुला सगळे पाढे येतात असं मला चौथीपर्यंत वाटत होतं. येत नाहीत हे कळलं तेव्हा मी तुझ्यावर रुसले होते, आठवतं? तुला पाढे येत नव्हते, पण मला कधी येत नाही ते तुला बरोबर कळायचं. मला सगळे पाढे येतात, आणि मी यंत्रात बसून एका मुलीला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही. (थांबा.)

त्या दिवशी मी सविताला समोर बसवून सातचा पाढा विचारला, तिला लागेल तितकं थांबून. लंकाबाई फडातून आल्या, आम्हाला बघून पोर उचलून आत गेल्या. मी म्हटलं, मुकादमांना सांगून टेप कोपीत ठेवायची सोय करू का? त्या आतूनच म्हणाल्या, "बाई, दिसभर माझ्या हातात कोयता, तिच्या हातात पोर. मशिनीचं बटन कुनी दाबायचं?" सूर्य बुडाला, शेवटची गाडी निघायची वेळ झाली. चारीच्या पलीकडे आपल्या घराचा दिवा दिसत होता. धावत येऊन पाणी पिऊन जाता आलं असतं, खोटं बोलणार नाही. पण तू पहिला प्रश्न विचारला असतास, "मग, शिकली का पोरगी?" आणि मला ते ऐकवलं नसतं. म्हणून आले नाही. बाजरीचं पीठ लंकाबाईंकडे ठेवून आले. रागावायचं असेल तर ह्यावर रागाव, मोठी बाई झाले म्हणून नको.

परत आल्यावर मी नवी कॅसेट भरली. ह्या वेळी थोडा अभ्यास आणि पुष्कळ शांतता. 'सात साते किती' म्हणायचं आणि गप्प बसायचं. किती वेळ, हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. मग मी मनात सविताला समोर बसवलं. तिने वेणी तोंडात घेतली, छताकडे बघितलं, आता तोंड उघडलं, आता बोलली. मग उत्तर. शाब्बास मात्र सगळे काढून टाकले. ऐकल्याशिवाय शाब्बास म्हणणं मला खोट्या सहीसारखं वाटायला लागलं आहे.

यंत्र चालू आणि मी त्याच्यासमोर गप्प बसलेली, अशा वेळी गुरुजी आले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. "बाई, काय हुतंय?" मी ओठावर बोट ठेवलं. ते हळूच बाकावर बसले. जरा वेळाने कुजबुजले, "काय भरताय?" मी चिठ्ठीवर लिहून दाखवलं, काही नाही. त्यांनी चिठ्ठी वाचली, यंत्राकडे बघितलं, सरकारी सेल संपताहेत हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, पण उठले नाहीत. पुढचा प्रश्न मी विचारला, आठ साते किती, तर मी मनातल्या सविताची वाट बघत असताना गुरुजी खणखणीत आवाजात म्हणाले, "छप्पन्न." सगळं पुसून पुन्हा भरावं लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी तोंडावर रुमाल धरला. एक खोकला तरीही राहिला आहे, नवाच्या पाढ्यात.

सगळं झाल्यावर त्यांनी कॅसेट पहिल्यापासून लावायला सांगितली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "चुकलं, बाई. नमस्ते म्हनालात, पन बस कुठं म्हनालात? पोरगी हुबी राहील की." आत्या, मी विसरले होते. ज्या चुकीवरून पारावर माझी चेष्टा झाली, तीच मी पुन्हा केली होती. आणि ती कुणी धरली, तर ज्यांनी यंत्राला कुलूप लावलं होतं त्यांनी. पहिलाच शब्द मी बदलला. आता यंत्र गुरुजींच्या टेबलावर असतं. रुमालाखाली असतं, पण बाहेर असतं.

तर हा असा खुलासा. माझं काही मागणं नाही, फक्त तुझ्या मनात गैरसमज राहू नये एवढंच. तब्येतीला जप. वहिनींना आणि दादाला जय भीम.

तुझी,
शुभांगी

ता.क. मागणं नाही असं लिहिलं ते तितकंसं खरं नाही. पत्र घेऊन येतील ते आसाराम मुकादम, एक मजूर न्यायला गावी आले होते. त्यांच्याकडे कागदात गुंडाळलेली कॅसेट आहे आणि नवे सेल आहेत. त्यांना चहा दे. तेराचा पाढा ते न विचारताच म्हणतील, तो ऐकून घे.

ता.क. दुसरी. (ही फक्त दीपावहिनींसाठी. तुमच्या माहेरून लग्नात आलेला टेप फळीवर आहे, पोपटांचं विणकाम केलेल्या झाकणाखाली. दादासुद्धा त्याला हात लावत नाही, हे मला माहीत आहे. सविताला दुपारी तुमच्याकडे येऊन तो ऐकू द्याल का? ती भावाला कडेवर घेऊन येईल, आणि पोर धुळीचं असतं, हे लपवत नाही. मुकादमांना चिठ्ठी पाठवून लंकाबाईंना आधीच विचारून घेतलं. मुकादम येताना त्यांचा निरोप घेऊन आले, "जाईल की. तहान लागली तर त्यांच्या घरचं पानीबी पिईल." पाण्याचं लंकाबाईंनी न विचारताच कळवलं, म्हणून मी तुम्हालाही सांगते आहे. बटण तुम्हीच दाबायचं, दुसऱ्या कुणी नाही. नाही म्हणायचं असलं तर पुढची ता.क. वाचूच नका, आत्याला काही कळणार नाही आणि मीही पुन्हा विषय काढणार नाही. इथे मी तुमच्यासाठी थांबले आहे.)

ता.क. तिसरी. आत्या, एक मुलगी दुपारी घरी येईल. कॅसेटमधून मी प्रश्न विचारीन, मग गप्प होईन, ती उत्तर देईल, मग मी देईन. दोन्ही उत्तरं सारखी आली का, एवढंच तू ऐकायचंस. सारखी आली तर शाब्बास म्हण. नाही आली तर काही बोलू नकोस, हातातलं काम थांबव, तेवढं पुरतं. शाब्बासची जागा मी प्रत्येक उत्तरानंतर मोकळी सोडली आहे, ती तुझी आहे. आणि कॅसेट सुरू झाली की पहिला शब्द ऐकू येईल, "बस." तो सवितासाठी आहे. पण तूही बस, गुडघा दुखतो तुझा.